रूडिमेंटवर बांधलेले ड्रमकिटचे ठेके

रूडिमेंट म्हणजे ड्रमवादनातली उजव्या-डाव्या हाताच्या ठोक्यांची ठरलेली, नाव मिळालेली छोटी रचना. सिंगल स्ट्रोक रोलमध्ये हात एकाआड एक पडतात, डबल स्ट्रोक रोलमध्ये प्रत्येक हात दोनदा पडतो आणि पॅराडिडलमध्ये या दोन्हींची सांगड असते. फ्लॅममध्ये मुख्य ठोक्याच्या अगदी आधी त्याला चिकटून एक हलका ठोका येतो, ड्रॅगमध्ये असे दोन. या रचना मुळात एकट्या स्नेअर ड्रमसाठी घडल्या. त्यांतले ठोके हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), स्नेअर, राइड (मोठी झांज), टॉम (स्नेअरखेरीजचे ड्रम) आणि पायाने वाजणारा बेस ड्रम यांच्यात वाटून गाण्याला साथ करणारा, फिरत राहणारा ठेका (ग्रूव्ह) उभा करणे हा या नोंदीचा विषय आहे. फिल (ठेका क्षणभर सोडून भरलेली छोटी जागा) किंवा सोलोमध्येही रूडिमेंट वापरतात, पण तिथे ते मिरवायचे असते, ठेक्यात मुरवायचे असते.

रूडिमेंटचा उगम लष्करी ढोलवादनात आहे. छावणीतले हुकूम आणि संचलनाची चाल ड्रमवरून कळवली जाई, त्यामुळे प्रत्येक ड्रमवाल्याचे हात सारखे पडणे गरजेचे होते. चार्ल्स स्टुअर्ट अ‍ॅशवर्थ यांनी 1812 मध्ये बॉस्टनमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात या मूळ धड्यांना ‘रूडिमेंट’ म्हटले आणि तेच नाव टिकले. 1933 मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रूडिमेंटल ड्रमर्स’ने आधी तेरा आणि पुढे आणखी तेरा अशी सव्वीस रूडिमेंटची यादी मान्य केली. 1984 मध्ये ‘पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी’ने ती चाळीसवर नेली. ठेक्यांच्या कामाला मात्र या चाळिसांतली जेमतेम आठ-दहाच रोज लागतात.

लष्करी पथकात स्नेअर एकाकडे आणि बेस ड्रम दुसऱ्याकडे असे. ते सगळे एका बसलेल्या माणसाच्या हातापायांत आले ते बेस ड्रमच्या पेडलमुळे. ड्रम बनवणाऱ्या लुडविग यांचे पेडल 1909 चे. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या बँडांची चाल ड्रमकिटवर आली तेव्हा स्नेअरवरचे रोल आणि सरकते जोर तिच्यासोबत आले. तिथल्याच ‘द मीटर्स’ या फंक बँडचा ड्रमर झिगाबू मोडलिस्ट याच्या वादनात, उदाहरणार्थ 1969 च्या ‘सिसी स्ट्रट’मध्ये, ती रस्त्यावरची चाल अजून ऐकू येते.

पॅराडिडल हे नाव त्याच्या उच्चारातच वाजते. ‘पॅ’ आणि ‘रा’ हे दोन एकेरी ठोके, ‘डिडल’ ही एकाच हाताची जोडी. तबल्याच्या बोलांची आठवण इथे होणारच, पण फरक मोठा आहे. बोल नाद सांगतो, रूडिमेंटचे नाव फक्त हातांचा क्रम सांगते. कोणता हात कशावर पडायचा, किती जोरात पडायचा, हे वादकावर सोडलेले असते. ठेका बांधायला जागा मिळते ती इथेच.

साधा पॅराडिडल असा (उ म्हणजे उजवा हात, डा म्हणजे डावा): उ डा उ उ, डा उ डा डा. एका मात्रेत चार ठोके धरले की चार मात्रांत तो दोनदा बसतो. आता उजवा हात बंद हाय-हॅटवर न्यायचा, डावा स्नेअरवर ठेवायचा आणि मोजायचे. पहिली मात्रा उजव्यावर सुरू होते, दुसरी डाव्यावर, तिसरी पुन्हा उजव्यावर, चौथी डाव्यावर. म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा बॅकबीट, ज्यावर रॉक, सोल आणि फंक उभे आहेत, तो काहीही न हलवता स्नेअरवरच येतो. हा योगायोग नाही. पॅराडिडलचा उत्तरार्ध हा पूर्वार्धाचाच आरशातला नमुना असतो, त्यामुळे उजव्याने सुरू झालेल्या मात्रेनंतरची मात्रा डाव्यानेच सुरू व्हावी लागते. क्रम सरकवून मिळणाऱ्या ‘उ डा डा उ, डा उ उ डा’, ‘उ उ डा उ, डा डा उ डा’ आणि ‘उ डा उ डा, डा उ डा उ’ या भावंडांनाही हाच नियम लागू आहे. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांच्या 1935 च्या ‘स्टिक कंट्रोल’ या सरावपुस्तकाच्या पहिल्या पानावर या चारही ओळी एकाखाली एक दिल्या आहेत, जोराची एकही खूण न देता. नुसते वाचले तर रुक्ष पान आहे, पण ड्रमकिटवर बसून वाचले की त्या चार ओळींचे चार वेगळे ठेके होतात.

खरी कसोटी आवाजाच्या चढउताराची आहे. स्नेअरवर डाव्याचे आठ ठोके पडतात. त्यांतले दोन, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचे, खणखणीत हवेत. बाकीचे सहा घोस्ट नोट, म्हणजे काठी कातडीपासून दोन-तीन सेंटीमीटरवरून नुसती टेकवलेली. मात्रांची गती मिनिटाला 90 असेल तर प्रत्येक ठोक्याला सेकंदाचा सहावा भाग मिळतो. साध्या पॅराडिडलमध्ये जोराच्या ठोक्यानंतर डाव्याला एका ठोक्याची उसंत असते, कारण मध्ये उजवा येतो. ‘डा डा उ डा’मध्ये तीही नाही: उंचावरून आपटलेली काठी कातडीजवळच थांबवायची आणि लगेच त्याच हाताने कुजबुजल्यासारखा ठोका द्यायचा. नवशिक्याचा हा दुसरा ठोका हमखास मोठा पडतो आणि ठेका ठेचकाळल्यासारखा ऐकू येतो. यावर एकच उपाय आहे, मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिकटिकणारे यंत्र) मिनिटाला 60 वर ठेवून काठीच्या उंचीवर नजर ठेवणे.

पायाचे गणित त्या मानाने सोपे. बेस ड्रमचे ठोके उजव्या हाताच्या ठोक्यांखाली ठेवले तर ते आपोआप जुळतात: पहिल्या मात्रेवर एक, तिसऱ्या मात्रेच्या मधोमध एक, एवढ्यानेही काम होते. घोस्ट नोटखाली पाय ठेवला की ती नोट झाकली जाते, म्हणून तो प्रयोग जपून करावा. हाय-हॅटवरच्या उजव्याचे ठोके एकसारखे येत नाहीत, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तर तो गैरहजरच असतो. ही तुटक चाल फंकमध्ये शोभते. सरळ आठचा, म्हणजे चार मात्रांत सारख्या अंतराचे आठ ठोके देणारा, हाय-हॅट मागणाऱ्या गाण्यात तीच खटकते. अशा वेळी डाव्या पायाने हाय-हॅट मात्रेमात्रेला मिटवत राहणे हा एक मार्ग आहे. दुसरा आणि बहुधा शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्या गाण्यात पॅराडिडल न वाजवणे.

बाकीची रूडिमेंट इतकी सहज जागेवर पडत नाहीत. सिंगल स्ट्रोकमध्ये दोन्ही हात हाय-हॅटवर चालतात आणि बॅकबीटला उजवा झटकन स्नेअरवर जाऊन परततो. डिस्कोतला सोळा ठोक्यांचा ठेका हाच. सहा ठोक्यांचा पॅराडिडल-डिडल (उ डा उ उ डा डा) नेहमी उजव्यानेच सुरू होतो, त्यामुळे तिहेरी चालीत तो फार गोड बसतो आणि जलद जॅझमध्ये राइड व स्नेअर यांच्यात वाटला जातो. चौपदरी चालीत सहा, सहा आणि चार असे तुकडे जोडून सोळा ठोके भरता येतात. मग दुसरी मात्रा डाव्यावर येते, पण चौथी उजव्यावर जाते आणि बॅकबीटसाठी त्या हाताला हाय-हॅट सोडून स्नेअर गाठावी लागते. फ्लॅम बॅकबीटला जाडी देतो. ड्रॅग बॅकबीटच्या आधी आला की ठेका किंचित ओढल्यासारखा वाटतो.

लष्करी वळण आणि गाण्याची साथ यांचा मेळ घालणाऱ्यांत स्टीव्ह गॅडचे नाव पहिले घ्यावे लागते. ड्रम कोअर (संचलन करणारे ड्रमपथक) आणि नंतर सैन्याच्या बँडमध्ये वाजवलेल्या या ड्रमरने पॉल सायमनच्या 1975 च्या ‘फिफ्टी वेज टू लीव्ह युअर लव्हर’मध्ये कडव्याखाली दिलेला ठेका उघडपणे संचलनाच्या घाटाचा आहे, तरी गाणे कुठेही कवायती होत नाही. ‘टॉवर ऑफ पॉवर’ या बँडच्या डेव्हिड गॅरिबाल्डीने दुसरी वाट रुळवली. घोस्ट नोटांनी विणलेल्या त्याच्या ठेक्यांत बरेच ठोके एकेकटे येतात, हातांच्या क्रमात पाय हा जणू तिसरा हात होतो. हातपाय एकावर एक न पडता पाळीपाळीने येणाऱ्या अशा वादनाला लिनिअर म्हणतात. रूडिमेंटमधली एखादी जोडी पायाकडे सोपवली, म्हणजे ‘उ डा उ उ’चे ‘उ डा पाय पाय’ केले, की त्याची सुरुवात होते.

मात्र घोस्ट नोटांचा प्रत्येक ठेका रूडिमेंटच्या वहीतून आला असे समजणे चूक ठरेल. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यावरचा, 1969 मध्ये ध्वनिमुद्रित झालेला ठेका वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड स्वतःच शिकलेला होता. त्याच्या कानाने जे शोधले त्याची फोड इतरांनी नंतर उजव्या-डाव्यात केली.

डावखुरा वादक किट उलटे मांडत असेल तर वरचे सगळे क्रम अदलाबदल करून तसेच लागू पडतात. ध्वनिमुद्रणात वेगळीच अडचण येते. स्नेअरच्या माइकवर हाय-हॅटचा आवाज शिरू नये म्हणून नॉइज गेट लावतात. हे गेट ठरावीक पातळीखालचा आवाज कापते. पातळी जरा वर राहिली की सहाही घोस्ट नोट कापल्या जातात आणि पॅराडिडल वाजवूनही मुद्रणात स्नेअरचे फक्त दोन ठोके उरतात.