पाणचक्कीचं पाणी, मोजक्या रंगांत

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर उंच भिंतीवरून पाणी हौदात कोसळतं. हे दृश्य पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांच्या चित्रात, हलतं करायचं ठरवू. चौकट गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या पडद्याएवढी, १६० बाय १४४ पिक्सेल. एवढ्याशा जागेत दगड, तांबं, पाणी ओळखू येतात ती त्यांच्यावरच्या उजेडामुळे.

म्हणून आधी सूर्य कुठे आहे ते पक्कं करायचं. किरणांना समोरासमोर असलेला पृष्ठभाग ६० अंशांनी कलला की त्यावरचं ऊन निम्मं होतं. मे महिन्यात इथे एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा हौदाचा कठडा लख्ख आणि उभी भिंत मंद दिसायला हवी. सावलीत काळा मिसळू नये. तिथे ऊन पोचत नसलं तरी निळ्या आभाळाचा उजेड असतोच, त्यामुळे सावलीचा रंग निळसर-जांभळ्याकडे झुकवावा.

खरी परीक्षा चकाकीची. तांब्याची घागर जागच्या जागी फिरवा: तिच्यावरचे ठोके सरकतात, चकाकता ठिपका मात्र तिथेच राहतो. सूर्य, घागरीचा बाक आणि बघणाऱ्याचा डोळा यांच्या कोनांवर त्याची जागा ठरते. कित्येक सुंदर ॲनिमेशनमध्ये तो घागरीबरोबर फिरतो आणि मग तांबं तांबं वाटतच नाही, चुन्याचा डाग वाटतो. माझ्या मते एवढं एक सांभाळलं तरी अर्धं काम झालं.

हौदात सरळ खाली पाहिलं तर पाण्यावरून जेमतेम २ टक्के उजेड परततो, म्हणून तळ दिसतो. नजर तिरपी होईल तसं प्रतिबिंब ठळक होत जातं. चित्रात जवळच्या काठाला तळाचा हिरवट रंग ठेवावा आणि पलीकडे भिंत उलटी उतरवावी. तिची प्रत्येक आडवी ओळ लाटेच्या लयीत एखादा पिक्सेल डावी-उजवीकडे सरकवावी.

कोसळणाऱ्या धारेसाठी जुन्या संगणकांची युक्ती अजून चालते. १९८५ च्या अमिगावर ४०९६ रंगांतून ३२ निवडता येत आणि पिक्सेलमध्ये रंगाऐवजी त्याचा क्रमांक साठवला जाई. क्रमांकांमागचे रंग फिरवले की चित्राला हात न लावता पाणी वाहू लागे. दोनच छटा फिरवल्या तर धार नुसती लुकलुकते. दिशा कळायला किमान तीन लागतात. पडताना पाणी वेग घेतं, त्यामुळे छटांचे पट्टे वर अरुंद आणि खाली रुंद आखायचे, म्हणजे दर टप्प्याला खालचं पाणी जास्त अंतर कापतं.