लोखंड कारखान्याचे अवशेष : जतन म्हणजे जीर्णोद्धार नव्हे

जीर्णोद्धार म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. बैठक बसते, वर्गणी ठरते, जुने कौलारू देऊळ उतरवून तिथे स्लॅबचे उभे राहते आणि देव तोच असल्याने तक्रार कोणाची नसते. देवळापुरता तो गावाचा अधिकार आहे. मात्र जुन्या कारखान्याच्या अवशेषांनाही हाच न्याय लावून ‘पूर्वीसारखे उभे करा’ अशी मागणी होते, तेव्हा ती जतनाच्या मुळावरच येते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधला सॉगसचा लोखंड कारखाना १६४६ च्या सुमारास सुरू झाला आणि १६७० च्या आसपास थंडावला. १९४८ पासूनच्या उत्खननात त्याचे अवशेष सापडले आणि १९५४ मध्ये झोतभट्टी (हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड वितळवणारी भट्टी), लोहारशाळा व पट्ट्या लाटून चिरणारी गिरणी, पाणचक्क्यांसह नव्याने बांधून खुली झाली. ही पुनर्रचना अभ्यासपूर्ण आहे, पण ती विसाव्या शतकातली आहे. मूळ कारखान्याचा खरा साक्षीदार नदीकाठचा धातुमळीचा, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या कचऱ्याचा, ढीग होय. झोतभट्टीतून वाहिलेली मळी फोडली की काचेसारखी चमकते, तर लोहारशाळेतली जड आणि लोहयुक्त असते. त्यामुळे लोखंड कुठे वितळले आणि कुठे घणाखाली आले, हे त्या कचऱ्यावरूनच ठरवता येते. आपल्याकडे असा सच्छिद्र, तांबूस गंज चढलेला तुकडा कोणीही जांभा समजून भरावात टाकील, आणि वरून ‘सुशोभीकरण’ म्हणून पेव्हर ब्लॉक बसले की पुरावा कायमचा संपेल.

पुनर्रचना हवीच असेल तर ती अवशेषांवर नव्हे, शेजारी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वीडनमधील एंगेल्सबर्गचा कारखाना १९१९ मध्ये बंद पडला, तरी भट्टी आणि लोहारशाळा जागेवर राहिल्याने तिथे मुख्यतः डागडुजीच पुरली. १९९३ मध्ये तो जागतिक वारसा ठरला.



अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातील दोन तोफांवर यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव आहे. खाऱ्या वाऱ्याने चढणारा गंज थोपवून ती अक्षरे वाचता येतील अशी राखणे, हे जतन. ऑइल पेंटचे थर देऊन ती बुजवणे, ही नुसती रंगरंगोटी.