धोत्र्याने टाकलेला रुमाल

मागच्या महिन्यात डोळे तपासायला गेलो होतो. थेंब घालून अर्ध्या तासाने बाहेर आलो, तर हातातल्या पावतीवरचा आकडाच वाचता येईना आणि ऊन डोळ्यांत घुसायला लागलं. त्या थेंबांतलं औषध आणि महादेवाला वाहतो त्या धोत्र्यातलं अ‍ॅट्रोपिन, दोन्ही एकाच रीतीने काम करतात. धोत्र्याची बी पोटात गेली की माझ्या डोळ्यांचं झालं ते सगळ्या शरीराचं होतं, मेंदूसकट.

‘नशा म्हणजे नशा, सगळ्या सारख्याच’ असं सर्रास म्हटलं जातं. ते चुकीचं आहे. दारू मेंदूला लगाम घालणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवते. चहातलं कॅफीन झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला अडवतं. धोत्रा अडवतो अ‍ॅसिटिलकोलिनला.

ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921 साली बेडकाच्या हृदयाकडे जाणारी नस, म्हणजे मज्जातंतू, चेतवून ते मंदावलं, मग त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं. तेही मंदावलं! नस रसायन सोडून निरोप देते हे त्यातून दिसलं, आणि ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन निघालं. ते पेशीवरच्या ज्या ठरलेल्या जागी, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतं ते एसटीतलं सीट समजा. अ‍ॅट्रोपिन म्हणजे खिडकीतून टाकलेला रुमाल. तो प्रवास करत नाही, नुसती जागा अडवतो. मग हृदयाचा ब्रेक सुटून छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, घाम थांबून अंग तापतं, बाहुल्या विस्फारतात.

मेंदूत हेच रसायन बाहेरून येणाऱ्या संवेदनांना जोर देतं. तो जोर गेला की आठवणी आणि समोरचं जग यांतली सीमा पुसली जाते. एलएसडी हे भास घडवणारं औषध घेतलेल्याला भिंत हलताना दिसते, पण हा औषधाचा परिणाम आहे हे त्याला बहुधा कळत असतं. धोत्रा पोटात गेलेला माणूस खोलीत नसलेल्या माणसाशी बोलतो, हवेतून काहीतरी वेचतो आणि नंतर त्याला यातलं फारसं आठवतही नाही. ‘बाहेरची बाधा’ म्हणून अशा माणसाला भगताकडे नेणं मला भयंकर वाटतं, कारण त्यात जीव वाचवण्याची वेळ निघून जाते. आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की झाडागणिक या विषाचं प्रमाण बदलतं.

दवाखान्यात यावर फायसोस्टिग्मिन हे उताऱ्याचं औषध देता येतं. ते अ‍ॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला रोखतं. प्रवाशांची गर्दी वाढते आणि रुमाल बाजूला सारले जातात.

याच्या बरोबर उलट प्रकार फवारणीत होतो. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकंही तेच एन्झाइम बंद पाडतात, पण अतोनात. लाळ, घाम, छातीत स्राव, गुदमरणं. तेव्हा जीव वाचवायला अ‍ॅट्रोपिनच देतात, म्हणजे मुद्दाम रुमाल टाकतात, छाती मोकळी होईपर्यंत. कधी मात्रा जास्त होते आणि वाचलेला शेतकरी बडबडू लागतो, चादरीवरचं काहीतरी वेचू लागतो. नातेवाईक घाबरून अंगारा काढतात. डॉक्टर बाहुल्या आणि ताप बघून अ‍ॅट्रोपिन थांबवतात, पुढे गरज पडली तर कमी मात्रेत सुरू करतात, आणि ते उतरलं की तो घरच्यांना ओळखू लागतो.