खाणीच्या आणि शेतीच्या गावांतली वर्तमानपत्रं: छपाईचा खर्च कोण उचलत होतं?

पाच वर्षं राहून जमीन कसून दाखवली की १६० एकरांची मालकी मिळेल, असा कायदा अमेरिकेने १८६२ मध्ये केला. १८७९ मध्ये त्यात एक अट घातली गेली. मालकीचा शेवटचा पुरावा देण्याआधी शेतकऱ्याने तशी नोटीस जमिनीला सर्वांत जवळच्या वर्तमानपत्रात महिनाभर छापून आणायची आणि साक्षीदार म्हणून कोण उभे राहणार, त्यांची नावंही द्यायची. खोटे दावे अडवावेत, कुणाची हरकत असेल तर त्याला वेळेत कळावं, एवढाच हेतू होता. पण 'सर्वांत जवळचं वर्तमानपत्र' या शब्दांनी वेगळंच काही घडवलं. डकोटाच्या माळरानावर जिथे जेमतेम वस्ती होती, तिथेही छापखाने येऊन बसले. प्रत्येक नोटिशीमागे ठरलेली रक्कम मिळायची आणि शेकडो शेतकऱ्यांना ती छापणं भाग होतं. अशा काही पत्रांत बातम्या नावापुरत्या असत, बाकी सगळ्या नोटिसा. परिसरातल्या जमिनी लोकांच्या नावावर झाल्या की नोटिसा आटत, पत्र बंद पडे आणि छापखाना गाडीत घालून पुढच्या वस्तीकडे नेला जाई.

खाणींच्या मुलखातही हेच घडलं. १८७२ च्या खाण कायद्यानुसार खनिजाच्या जमिनीचा पट्टा मागणाऱ्याला आपल्या अर्जाची नोटीस दाव्याच्या जवळात जवळच्या वर्तमानपत्रात ६० दिवस छापावी लागे. म्हणजे डोंगरात चांदी सापडली की कुदळीच्या मागोमाग खिळे जुळवणारा जुळारी पोचणार, हे ठरलेलंच.

प्रादेशिक वर्तमानपत्रांची कहाणी बहुधा धाडसी संपादकांपासून सांगितली जाते. धाडस होतंच, त्याबद्दल पुढे येईलच. पण मला हा इतिहास छापखान्याच्या जमाखर्चाच्या वहीतून जास्त नीट समजतो. लहान गावात वाचक थोडे, वर्गणी उधारीवर, आणि कागद, शाई, मजुरी मात्र रोख. ही तूट कोण भरून काढतो, यावर पत्रात काय छापलं जाईल हे ठरत गेलं.

काही वेळा ती तूट टपाल खात्याने भरली. अमेरिकेच्या १७९२ च्या टपाल कायद्याने संपादकांना एकमेकांची पत्रं फुकट पाठवायची मुभा दिली. त्यामुळे खेड्यातला एकटा संपादक दूरच्या शहरांच्या अंकांतून मजकूर उचलून आपली पानं भरू शके. १८५१ पासून साप्ताहिकं आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागाच्या, हद्दीत टपालखर्चाशिवाय जाऊ लागली. ब्रिटनमध्ये उलट स्थिती होती. तिथे १८१५ पासून प्रत्येक अंकावर चार पेन्सचा मुद्रांक कर होता. तो १८३६ मध्ये एक पेनीवर आला आणि १८५५ मध्ये रद्द झाला. वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत स्वस्त साप्ताहिकांची खरी भरभराट झाली ती त्यानंतर. ॲबरडेअरहून १८७५ मध्ये निघालेल्या 'टॅरियन ई ग्वेथिउर'चा अर्थच 'कामगारांची ढाल'. ते वेल्श भाषेतलं होतं आणि १९१४ पर्यंत त्याच नावाने चाललं.

कधी तूट तंत्राने भरून निघाली. १८६१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावी ॲन्सेल केलॉग या संपादकाचे मदतनीस यादवी युद्धात लढायला गेले आणि अंक काढायला हातच उरले नाहीत. त्याने मॅडिसनच्या छापखान्यातून एका बाजूने छापलेले कागद मागवले आणि कोऱ्या बाजूवर गावच्या बातम्या छापल्या. पुढे शिकागोला जाऊन त्याने याचाच धंदा केला. शेकडो गावांच्या पत्रांची अर्धी पानं त्यामुळे एकसारखी झाली. खर्च वाचला, पण त्या अर्ध्या पानांतून गाव गायब झालं.

आता धाडसाकडे. ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला १८५१ मध्ये सोनं सापडलं. सोनं मिळो न मिळो, खोदणाऱ्याला सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग परवाना शुल्क द्यावं लागे आणि परवाना तपासायला पोलीस केव्हाही येत. मार्च १८५४ मध्ये हेन्री सीकॅम्पने तिथे 'बॅलरॅट टाइम्स' सुरू केलं. खोदणाऱ्यांच्या सुधारणा संघटनेची बाजू त्याने उघडपणे मांडली. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने खोदणाऱ्यांनी उभारलेल्या युरेकाच्या तटबंदीवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी सीकॅम्पला अटक झाली. नंतर जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. तटबंदीतल्या ज्या १३ जणांवर देशद्रोहाचे खटले चालले, ते सगळे निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती संपादकाला, राजद्रोही मजकूर छापल्याबद्दल सहा महिने. त्यातले तीन महिने त्याने भोगले. तो आत असताना पत्नी क्लारा सीकॅम्पने पत्र चालवलं आणि तिची लेखणी नवऱ्यापेक्षा मवाळ नव्हती. हे सगळं शक्य झालं, कारण तेव्हा बॅलरॅटमध्ये हजारो स्वतंत्र खोदणारे होते. प्रत्येक जण आपल्या खड्ड्याचा धनी होता आणि प्रत्येक जण संभाव्य वर्गणीदार. पत्राला एका मालकाच्या तोंडाकडे पाहावं लागत नव्हतं.

नदीकाठचं सोनं वेचून संपलं आणि खोल खडकातलं काढायला यंत्रं, भांडवल, कंपन्या आल्या, तेव्हा हे चित्र पालटलं. बदलाची चुणूक नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीत आधीच दिसली होती. तिथल्या 'टेरिटोरियल एंटरप्राइज'मध्ये १८६२ पासून काम केलेल्या मार्क ट्वेनने पुढे लिहून ठेवलं आहे की, नव्या खाणीचे मालक बातमीदाराला खाणीतला थोडा हिस्सा भेट देत आणि खाणीबद्दल चार बरे शब्द छापून घेत. शेअर बाजारात त्या चार शब्दांची किंमत खडकातल्या चांदीपेक्षा जास्त असे.

मोन्टानात तर मधला बातमीदारही नको झाला, कंपनीने सगळं वर्तमानपत्रच घेतलं. तांब्याचा धनी मार्कस डेलीने १८८९ मध्ये आपल्या कंपनीच्या गावात 'अ‍ॅनाकाँडा स्टँडर्ड' काढलं. गाव छोटं, पण पत्राचा थाट मोठ्या शहराचा. डेलीचा प्रतिस्पर्धी विल्यम क्लार्क याच्या हाती 'ब्यूट मायनर' होतं. दोघांची भांडणं दोन्ही पत्रांतून रंगत. म्हणजे तोवर वाचकाला निदान दोन बाजू तरी दिसत. डेली आणि क्लार्क गेल्यानंतर १९२८ मध्ये कंपनीने 'ब्यूट मायनर'ही विकत घेतलं. हळूहळू राज्यातली बहुतेक महत्त्वाची दैनिकं अ‍ॅनाकाँडा कंपनीच्या हाती गेली आणि १९५९ मध्ये विकली जाईपर्यंत तिथेच राहिली. 'तांब्याचा पट्टा गळ्यात असलेली वृत्तपत्रं' असं लोक त्यांना म्हणत. ८ जून १९१७ रोजी ब्यूटच्या स्पेक्युलेटर खाणीत लागलेल्या आगीत १६८ जण मेले. त्यानंतरच्या संपातून कामगारांनी स्वतःचं 'बुलेटिन' काढलं, ते याच कोंडीतून. कंपनीची पत्रं पुढच्या दशकांत उघड खोटं क्वचितच छापत असतील, पण गावातल्या वादाच्या विषयावर ती गप्प बसत. हे मौन मला खोटेपणाहून घातक वाटतं. खोटी बातमी खोडून तरी काढता येते. न छापलेल्या बातमीला कोण, कुठे उत्तर देणार?

यावर ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणगावच्या कामगारांनी आपल्यापरीने उत्तर शोधलं. त्यांच्या चळवळीतून १८९८ मध्ये 'बॅरियर ट्रूथ' हे साप्ताहिक निघालं आणि १९०८ पासून ते दैनिक झालं. त्याची मालकी कामगार संघटनांकडे होती. गावात आधीपासून 'बॅरियर मायनर' होतंच. त्यामुळे टाळेबंदी असो वा संप, ब्रोकन हिलच्या वाचकासमोर दोन हकिगती असत.

शेतकऱ्यांनीही हाच रस्ता धरला. कॅनडाच्या गहू पिकवणाऱ्या प्रांतांत रेल्वे आणि धान्य कोठार कंपन्यांची मक्तेदारी होती. वजनात, प्रतवारीत, वाहतुकीत शेतकरी नाडला जाई. म्हणून १९०८ मध्ये विनिपेगहून 'ग्रेन ग्रोअर्स गाइड' निघालं, शेतकऱ्यांच्याच सहकारी धान्य कंपनीच्या पैशावर. भाव आणि कायदे यांच्यासोबत त्यात बायकांचं पान होतं, आणि माझ्या मते या पत्राची सर्वांत मोठी कामगिरी तेच पान. मैलोगणती शेजार नसलेल्या घरांतून बाया तिथे टोपणनावांनी पत्रं लिहीत. कॅनडाच्या कायद्यात सरकारी जमिनीवर दावा करायचा हक्क एकट्या बाईला फक्त ती कुटुंबप्रमुख असली तरच मिळे, म्हणजे मुख्यतः विधवेला. नवऱ्याने शेत विकून टाकलं तर त्यात वर्षानुवर्षं राबलेल्या बायकोला काही बोलता येत नसे. या दोन्ही गोष्टींविरुद्ध पत्रामागून पत्र आलं. १९१२ पासून या पानाची संपादक असलेल्या फ्रान्सिस बेननने त्या पत्रांना मताधिकाराच्या चळवळीशी जोडलं. १९१६ मध्ये मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तिन्ही प्रांतांत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. जमिनीच्या दाव्याचा हक्क मात्र हाती आला नाही.

वाचकांच्या मालकीचं पत्रही सर्व बाबतींत मोकळं नसतं, हे याच बेननच्या बाबतीत दिसलं. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीला तिने विरोध केला, संपादकांशी मतभेद विकोपाला गेले आणि १९१७ मध्ये तिला ते पान आणि देश दोन्ही सोडावं लागलं. कामगार संघटनेचं पत्र संघटनेची चूक छापायला कचरतं, शेतकऱ्यांचं पत्र शेतमजुराच्या मजुरीबद्दल फारसं बोलत नाही. तरीही ही पत्रं निघाली नसती तर त्या लोकांची बाजू कुठेच नोंदली गेली नसती.

दक्षिण आफ्रिकेत खाण आणि शेत एकाच पत्रात भेटतात. हिऱ्यांच्या किंबर्ली शहरातून सोल प्लाटजे त्स्वाना आणि इतर भाषांत 'त्साला या बाथो' काढत होता. १९ जून १९१३ ला जमीन कायदा लागू झाला. काळ्या लोकांना राखीव टापूंबाहेर, म्हणजे देशाच्या साधारण ९३ टक्के जमिनीवर, जमीन घ्यायची वा खंडाने करायची बंदी झाली. प्लाटजे सायकलवर बसून शेतांतून हिंडला. बटाईने कसणारी कुटुंबं गुरंढोरं घेऊन रस्त्यावर आली होती आणि गुरांना उभं करायलाही कुठे जागा नव्हती. त्याने ते स्वतः पाहून लिहिलं. त्या पत्रामागे ना खाण कंपनी होती ना सरकारी नोटिसा, आणि थोड्याच वर्षांत पैशाअभावी ते बंद पडलं.

आपल्याकडे १ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्याहून 'दीनबंधु' सुरू केलं. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' काढलं आणि पुढे ते नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून चालवलं. शहरात बसून खेड्याबद्दल लिहिणारे बरेच होते. मुकुंदरावांनी छापखानाच खेड्यात ठेवला आणि सत्यशोधक विचारांचं पत्र पन्नास वर्षांहून अधिक काळ चालवलं. वर्गणी भरणार तो कर्जबाजारी कुणबी, आणि एक अंक वाचणाऱ्याच्या भोवती ऐकणारे दहा. अशा पत्राचा खप मोजायचा तरी कसा?

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या व्हाइट्सबर्गमध्ये टॉम आणि पॅट गिश या पतीपत्नींनी १९५६ मध्ये 'माउंटन ईगल' हे साप्ताहिक विकत घेतलं. गाव कोळशाचं. जमिनीचा वरचा थर खरवडून कोळसा काढण्यामुळे उद्ध्वस्त होणारे डोंगर, खाणींतली सुरक्षितता, शाळा मंडळाच्या बैठका, पोलीस, सगळ्याबद्दल त्यांनी लिहिलं. बैठकांना त्यांना मज्जाव झाला, जाहिराती काढून घेतल्या गेल्या. 'हा गरुड किंचाळतो', असं ब्रीद ते पत्रावर छापत. ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांचं कार्यालय पेटवून दिलं गेलं. या प्रकरणात पुढे एका पोलिसाला दोषी ठरवलं गेलं. पुढचा अंक गिश यांच्या घरातून तयार होऊन वेळेवर निघाला आणि ब्रीदात एकच शब्द वाढला: 'हा गरुड अजूनही किंचाळतो'. दोनच वर्षांनी, मार्च १९७६ मध्ये, त्याच काउंटीतल्या स्कोशिया खाणीत दोन दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन स्फोटांत २६ जण मेले. तेव्हा त्या खोऱ्यातल्या माणसांना ओळखणारं, खाणीच्या सुरक्षिततेबद्दल आधीपासून लिहीत आलेलं एक पत्र तिथे शिल्लक होतं.

अलीकडचा भाग झरझर सांगता येईल. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या. शेतीची यंत्रं, जनावरं, भाव, हवामान सगळं फोनवर आलं. अमेरिकेत २००५ ते २०२३ या काळात सुमारे २,९०० वर्तमानपत्रं बंद झाली, त्यांत साप्ताहिकं सर्वाधिक. मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात एकाच कंपनीने शंभराहून जास्त प्रादेशिक आणि वस्ती पातळीवरच्या पत्रांची छपाई थांबवल्याचं जाहीर केलं.

कायदेशीर नोटिसांचा आधारही आता सुटू लागला आहे. फ्लोरिडा राज्याने २०२३ पासून सरकारी यंत्रणांना अनेक नोटिसा वर्तमानपत्राऐवजी काउंटीच्या संकेतस्थळावर टाकायची मुभा दिली. छोट्या साप्ताहिकाच्या वहीत हे उत्पन्न किती मोलाचं होतं, ते डकोटाच्या त्या फिरत्या छापखान्यांनी दाखवलंच होतं. वाचकाच्या बाजूनेही फरक पडतो. शेजारच्या जमिनीवर कुणीतरी खाणीसाठी अर्ज केला आहे, हे आठवड्याच्या अंकात गावच्या इतर बातम्यांच्या शेजारी सहज नजरेला पडायचं. आता अशी नोटीस कुठे शोधायची हे आधीच माहीत असेल, त्यालाच ती दिसते.