थंड तार की तापलेली?

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की आमच्या यवतमाळकडच्या गावात रात्री एकामागून एक मोटारी सुरू होतात. व्होल्टेज पडतं आणि घरातला साधा पिवळा बल्ब लालसर होऊन मिणमिणत राहतो. त्याच बल्बवर माझ्या नववीच्या मुलांनी प्रयोग केला. मल्टिमीटरवर रोध, म्हणजे तारेचा विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, आला 66 ओहम. घरातल्या विजेच्या 230 व्होल्टच्या वर्गाला (230 × 230) त्याने भागलं, तर शक्ती निघाली जवळपास 800 वॉट! बल्बवर छापलेत 60. ‘बल्बवर चुकीचं छापलं आहे’ असं लिहून पोरं मोकळी झाली.

वही मी नावं झाकून दुसऱ्या गटाला तपासायला दिली. विज्ञानाच्या नियतकालिकांची हीच रीत आहे: निबंध छापण्याआधी त्या विषयातले जाणकार तो तपासतात, बहुधा स्वतःचं नाव न कळू देता. आइन्स्टाइनही यातून सुटले नाहीत. 1936 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ने त्यांचा गुरुत्वीय लहरींवरचा निबंध परीक्षकाकडे पाठवला, तेव्हा ते चिडले आणि त्यांनी निबंधच परत घेतला. पण परीक्षकाने दाखवलेली चूक खरी होती. पुढे निष्कर्ष बदलून तो दुसरीकडे छापला गेला.

आमच्या वहीच्या समासात एका मुलीने एवढंच लिहिलं होतं, ‘मोजला तवा बल्ब चालू होता का बंद?’

सगळी मेख इथेच आहे. बल्बमधली टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे 2500 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तापलेल्या धातूतले अणू जोरात थरथरतात, इलेक्ट्रॉनना सहज वाट मिळत नाही, आणि रोध 66 वरून 880 ओहमच्या घरात जातो. त्यावरून हिशेब केला की बरोबर 60 वॉट येतात. बल्ब बटण दाबताक्षणीच का उडतो, तेही यातच आलं: थंड तारेतून क्षणभर कितीतरी पट प्रवाह धावतो आणि झिजलेल्या जागी ती तुटते.

व्होल्टेज 170 वर आलं तर शक्ती साधारण 37 वॉट उरते, उजेड मात्र जेमतेम एक तृतीयांश. तार थोडी जरी निवली तरी तिची ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेतच जास्त जाते. उरलेल्या उजेडातही निळा भाग लालपेक्षा जास्त घटतो, म्हणून तो लालसरपणा.

पुन्हा मोजताना मेनलाइनची जोडणी मीच केली. नव्या तक्त्यात मुलांनी ‘तार थंड’ आणि ‘तार तापलेली’ असे दोन रकाने आखले. त्याखाली त्याच मुलीचा पुढचा प्रश्न आला आहे, ‘व्होल्टेज किती वाजता मोजलं? मोटारी चालू होत्या का?’