काँक्रीट-मोझॅकच्या बुटक्या टेबलाची पार्श्वभूमी

खडबडीत काँक्रीट, त्यात रोवलेले दगड-टाइलचे ओबडधोबड तुकडे आणि जाड पाय, अशी बुटकी टेबलं १९६०-७०च्या दशकांत नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत हाताने घडवली गेली. ‘ब्रुटलिस्ट’ (उघड्या, खडबडीत काँक्रीटच्या शैलीतलं) हा शिक्का बहुतेकांवर पुढे विक्रेत्यांनी मारला. मूळ विचार इमारतींचा. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून काँक्रीटकडे वळावं लागलं. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने फ्रान्समधल्या मार्सेलच्या इमारतीत (१९५२) काँक्रीटला गिलावा न करता सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच राखले. नंतर चंदीगडमध्येही तेच केलं. त्याच शहरात नेकचंद यांनी फुटक्या कपबशा, टाइल, बांगड्या सिमेंटमध्ये बसवून रॉक गार्डन उभारलं. ते १९७६ साली लोकांसाठी खुलं झालं.

विदर्भातल्या गावांत हे काम परकं वाटायचं कारण नाही. ऊन परतवायला स्लॅबवर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवणारे मिस्त्री इथे आहेत, आणि पश्चिम विदर्भात काळा दगड कोणत्याही गिट्टी खदानीवर मिळतो. असं टेबल गावातच होऊ शकतं, नव्हे, व्हायला हवं.

९० × ५० सेंमीचा, ४ सेंमी जाडीचा पाट (टेबलाचा वरचा भाग) साधारण ४३ किलो भरतो. म्हणून पाय लोखंडी अँगलचे किंवा जाड सागवानी घ्यावेत. साच्यात प्लास्टिक अंथरून तुकडे पालथे मांडतात, वर एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली रेती असा घट्ट माल भरतात. घरातल्या भिंतीच्या टाइलचे तुकडे आधी भिजवावे लागतात. कोरडे तुकडे मालातलं पाणी ओढतात आणि पुढे सुटतात. काळा दगड पाणी पीत नाही, पण खदानीची भुकटी धुतली नाही तर पकड येत नाही.

सगळ्यात जास्त चुकते ती मजबुतीसाठी मालात घालायची लोखंडी जाळी. वजनाने ताण येतो तो पाटाच्या खालच्या अंगाला. साचा उलटा असल्यामुळे जाळी भरताना वरच्या बाजूला, पृष्ठभागापासून सुमारे १ सेंमी आत हवी. खाली तुकड्यांवरच टाकली तर ती तुकड्यांची पकड तोडते आणि ताणही घेत नाही.

एप्रिल-मेमध्ये भर दुपारी ओतलं की वरचं पाणी उडून केसासारख्या चिरा पडतात. संध्याकाळी ओतून किमान सात दिवस ओल्या बारदान्याखाली ठेवावं.

जुनं टेबल घेताना ते उलटं करून बघावं. खाली प्लायवुड असेल तर ते पावसाळ्यात फुगतं आणि सांधे उकलतात. सिमेंटवर गंजाचे तांबडे ओघळ दिसले तर आतली जाळी फुगत आहे. वरवर लांबी (पुट्टी) भरून ते थांबत नाही. साफ करायला लिंबू-व्हिनेगर वापरू नये: काळा दगड टिकतो, पण सिमेंटचे सांधे आणि संगमरवर त्याने झिजतात. चहाचे डाग सांध्यांत मुरू नयेत म्हणून पाट पूर्ण वाळल्यावर सीलर (डाग आत मुरू न देणारा लेप) लावावा.