सुक्याबरोबर ओलं किती जळतं?

बीड-परभणीकडे खंडणीची किंवा टोळीच्या मारामारीची बातमी आली की हल्ली पारावरच्या गप्पांत एका लांबच्या देशाचं नाव हमखास निघतं: एल साल्वादोर. 'तिथल्यासारखं एकदाच उचला आणि आत टाका सगळ्यांना.' डोकी भादरलेले, पांढऱ्या चड्डीतले शेकडो कैदी मान खाली घालून एकमेकांना खेटून बसलेत, हा व्हिडिओ खेड्यापाड्यातल्या मोबाइलवरही येऊन गेलाय. मागणी समजण्यासारखी आहे. ज्याच्या दुकानातून दर महिन्याला हप्ता जातो, त्याच्यापुढे नागरी स्वातंत्र्यावर प्रवचन झोडून काय उपयोग? पण हा प्रश्न नीतीचा आहे तितकाच गणिताचाही आहे, आणि गणिताची बाजू सहसा कुणी मांडत नाही.

मध्य अमेरिकेतला हा देश छोटा आहे. क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या ६३ लाखांच्या आसपास. दोन्ही हिशेबांनी मराठवाड्याचा साधारण तिसरा हिस्सा. १९८० च्या दशकातल्या यादवीत तिथले लाखो लोक अमेरिकेत पळाले. लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत त्यांच्या पोरांनी टोळ्या केल्या किंवा असलेल्या टोळ्यांत शिरली, आणि नव्वदीत अमेरिकेने त्यांना मायदेशी परत धाडलं. एमएस-१३ ही टोळी अशी आली. २०१५ मध्ये तिथे दर लाख लोकांमागे वर्षाला शंभराहून अधिक खून होत होते. मार्च २०२२ अखेरीस तीन दिवसांत ८७ माणसं मारली गेली आणि २७ मार्चला राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या सरकारने आणीबाणी लावली. तीस दिवसांची म्हणून आलेली ही आणीबाणी संसद महिन्यामागून महिना वाढवत राहिली. आरोप न ठेवता कोठडीत ठेवण्याची मुदत ७२ तासांवरून १५ दिवसांवर गेली, वकिलाचा हक्क स्थगित झाला, ८० हजारांहून अधिक लोक आत गेले. ४० हजार कैद्यांसाठीचा महातुरुंग उभा राहिला. २०२४ मध्ये खुनांचा दर लाखामागे १.९ वर आला.

हे यश खोटं नाही. बाजारातली वसुली थांबली, संध्याकाळी पोरं रस्त्यावर खेळायला लागली, बुकेले पुन्हा निवडून आले. तरी आकडे वाचताना दोन ठिकाणी थबकावं लागतं.

पहिलं म्हणजे, २०२१ सालीच, म्हणजे आणीबाणीच्या आधी, तिथला दर सुमारे १८ पर्यंत उतरलेला होता. शंभरावरून दोनपर्यंतच्या घसरणीचा मोठा भाग आणीबाणीच्या खात्यावर मांडता येत नाही. तो कुणाच्या खात्यावर, यावर वाद आहे. अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०२१ मध्ये सरकारातल्या काही अधिकाऱ्यांवर टोळ्यांशी गुप्त वाटाघाटी केल्याच्या आरोपावरून निर्बंध लावले होते. शिवाय सुरक्षा दलांच्या गोळीने मेलेले संशयित सरकारी खूनमोजणीत धरले जात नाहीत.

दुसरं थबकणं आपल्या घराजवळचं आहे. २०२२ मध्ये भारतात २८,५२२ खून नोंदले गेले, दर लाखामागे २.१. एवढा आटापिटा करून एल साल्वादोर जिथे पोचला, तिथे आपण त्याआधीपासून उभे आहोत. आणि तिथली दीड टक्क्याहून अधिक जनता तुरुंगात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठवाडा १ कोटी ८७ लाखांचा; दीड टक्का म्हणजे २ लाख ८० हजार माणसं. २०२२ अखेरीस अख्ख्या भारताच्या तुरुंगांत मिळून पावणेसहा लाखांच्या आत कैदी होते.

आता मूळ गणित. समजा एखाद्या जिल्ह्यात तीन लाख तरुण पुरुष आहेत आणि त्यातले ६०० खरोखर टोळ्यांत आहेत. समजा पोलिसांची पारख ९५ टक्के अचूक आहे: शंभर गुंडांतले ९५ ओळखते, शंभर साध्या पोरांतल्या पाचांवर चुकून बोट ठेवते. इतकी अचूक पारख जगात कुठल्याच ठाण्यात नसते, पण धरून चालू. सगळ्यांना या चाळणीतून काढलं तर ५७० गुंड सापडतील. आणि उरलेल्या २ लाख ९९ हजार ४०० पोरांतले पाच टक्के, म्हणजे १४,९७० निरपराधही. उचललेल्या शंभरांत खरे गुंड चारसुद्धा नाहीत. अचूकता ९९ टक्क्यांवर नेली तरी सहा जणांत एकच खरा निघतो. पोलीस वाईट असायची गरजच नाही. दोष प्रमाणाचा आहे. शोधायची गोष्ट जितकी विरळ, तितकी चाळणीत निरपराधांची भर जास्त. संख्याशास्त्रात याला पायादराचा घोटाळा म्हणता येईल. रोगचाचण्यांत डॉक्टरही त्यात फसतात, बंदोबस्ताच्या बैठकीत तर तो कुणाला आठवतही नाही.

एल साल्वादोरमध्ये हा घोटाळा थोडा सौम्य होता, कारण टोळ्यांचे सदस्य साठ-सत्तर हजारांच्या घरात असल्याचे अंदाज होते आणि अनेकांनी टोळीचं नाव अंगावर गोंदवून घेतलेलं होतं. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द बुकेले यांनी आठ हजार निर्दोष लोक सोडल्याचं सांगितलं. निनावी फोनवरून अटका झाल्या. पोलिसांच्याच संघटनेने अटकेचे कोटे दिल्याची तक्रार केली. आपल्याकडे गोंदण नाही, टोळ्या विरळ आहेत आणि बांधावरची भांडणं मात्र घरोघरी. निनावी फोनची सोय झाली तर पहिला फोन भावकीतूनच येईल, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको.

म्हणून जामीन, वकील, ठरल्या मुदतीत दोषारोपपत्र, पोलिसांपुढच्या कबुलीला किंमत नसणं, या गोष्टींकडे मी आरोपीवरची मेहेरबानी म्हणून बघत नाही. पकडलेल्या ढिगातून चुकून आलेली माणसं बाहेर काढणारी ही यंत्रं आहेत. ती बंद केली की चुका संपत नाहीत, त्या दिसायच्या थांबतात.

आपला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, या दृष्टीने बघण्यासारखा आहे. १९९९ चा हा कायदा मुळात अरुंद ठेवलेला. टोळीविरुद्ध मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रांची न्यायालयाने दखल घेतलेली हवी. ठाण्यातून निघालेली फाइल परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांकडे जाते (जालना-बीड-धाराशिवची छत्रपती संभाजीनगरला, लातूर-परभणी-हिंगोलीची नांदेडला), त्यांच्या मंजुरीशिवाय कलम लागत नाही. तपास उपअधीक्षक किंवा वरच्याने करायचा. खटल्याला अपर महासंचालकांची परवानगी. चाळणीवर चाळणी. पण एकदा कलम लागलं की दोषारोपपत्राला १८० दिवस मिळू शकतात, अटकपूर्व जामीन नाही, आणि साधा जामीन हवा तर आरोपी दोषी नसावा असं मानायला कारण आहे, याची न्यायालयाला खात्री पटावी लागते. बारीक अक्षरातली गोम अशी की आधीची दोषारोपपत्रं टोळीवर असली तरी चालतात, प्रत्येक आरोपीवर असायला नको. म्हणजे म्होरक्याची गाडी चालवणारा, आधी एकही गुन्हा नसलेला विशीतला पोरगाही त्याच फाइलमध्ये बसतो. तो सामील असेलही, नसेलही. ठरेपर्यंत वर्षं जातात.

मोक्कात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते. कबुलीवर जगभर संशोधन झालंय. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाने आधी गुन्हा 'कबूल' केलेला होता. मुंबईच्या २००६ च्या रेल्वे स्फोटांत मोक्का न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांवरून उतरवल्यासारखे आहेत, असं खंडपीठाला आढळलं. एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. टोळीचा हा खटला नव्हे, पण यंत्र तेच.

एमपीडीएची गत आणखी वेगळी. १९८१ च्या या कायद्याखाली खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. आपल्याकडे 'हर्सूलला (संभाजीनगरच्या मध्यवर्ती तुरुंगात) टाकला' म्हणतात ते बहुधा हेच. २०१५ मध्ये वाळूतस्करही त्यात आले. गोदाकाठच्या माणसाला याचं कारण विचारायला नको. पुरावा म्हणून दोन गोपनीय साक्षीदारांचे जबाब, नावं झाकलेली. औरंगाबाद खंडपीठाने असे कित्येक आदेश रद्द केले आहेत. खालचा अधिकारी चिडतो, पण खंडपीठाने रद्द केलेला प्रत्येक आदेश ही व्यवस्थेला मिळालेली स्वतःच्या चुकांची फुकटची मोजणी आहे.

पारख कुठे लावायची हेही कुणीतरी ठरवतंच. ब्रिटिशांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, तरी चोरी झाली की गाडी आधी पारधी वस्तीवर जाते. जिथे शोधाल तिथेच सापडतं, सापडलं की नोंद वाढते, नोंद वाढली की पुढच्या वेळी पुन्हा तिकडेच.

तुरुंग भरण्याचा आणखी एक हिशेब ब्राझीलने चुकता केला. १९९२ मध्ये साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात दंगा मोडताना पोलिसांनी १११ कैदी मारले. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या दुसऱ्या तुरुंगात कैद्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून संघटना काढली. ती पीसीसी, आज दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत बलाढ्य टोळ्यांपैकी एक.

मग करायचं काय? गुन्हे फार थोड्या हातांत एकवटलेले असतात. फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांची नोंद तपासली तेव्हा सहा टक्क्यांच्या नावावर निम्म्याहून अधिक गुन्हे निघाले. बोस्टनने १९९६ मध्ये नेमक्या अशाच पोरांना बोलावून सांगितलं: पुढची गोळी सुटली तर सगळ्या टोळीच्या मागे लागू, सोडायचं असेल तर काम देऊ. तरुणांचे खून साठ टक्क्यांहून अधिक घटले. श्रेय किती, यावर अभ्यासक भांडतात. शिक्षा किती कडक यापेक्षा ती होणार याची खात्री माणसाला आवरते, यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे. इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्येच हे मांडलं होतं.

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली ९ डिसेंबर २०२४ ला. गावाजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या जागेवर मारहाण झाली होती ६ डिसेंबरला. मागाहून मोक्का लागला, विशेष तपास पथक आलं, ठाण्यातला अधिकारी निलंबित झाला. खटला चालू आहे. त्या तीन दिवसांत जे करता आलं असतं त्यासाठी मोक्का लागत नव्हता. मारहाणीचं आणि खंडणीचं साधं कलम, वेळेवर घेतलेली फिर्याद आणि फिर्यादीला संरक्षण, हे सगळं तेव्हाही कायद्यात होतंच.